चार शाळा, नऊ बुधवार

तर लेकीच्या कॅथलिक हायस्कूलच्या प्रवेशाच्या त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, पॅरिश. नाव, जन्मतारीख, पत्ता, सध्याची शाळा, आईवडलांचं शिक्षण, सगळं धडाधड भरून झालं आणि मग हा रकाना आला आणि कर्सर तिथेच लुकलुकत बसला. २०१८ चा नोव्हेंबर, रविवारची रात्र, कॅलिफोर्नियातल्या सनीवेलचं आमचं घर, टेबलावर दोन लॅपटॉप, शेजारी पोळ्यांची कणीक झाकून ठेवलेली कारण फॉर्म भरून झाला की पोळ्या करू असं ठरलं होतं, आणि साडेनऊ वाजले तरी आम्ही पॅरिशवरच.

मी वसईच्या मैत्रिणीला फोन लावला. ती इथेच सांता क्लाराला राहते, पिढ्यानपिढ्यांची मराठी कॅथलिक, तिच्या घरी गेलं की वसईचं बोलणं आणि सुकेळी, म्हणजे तिथली सुकवलेली केळी, दोन्ही मिळतं. म्हटलं, अगं पॅरिशमध्ये काय लिहू? तर हसायलाच लागली. "पॅरिश म्हणजे धर्मग्राम गं, एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. आमच्याकडे विचारतात ना, कुठल्या धर्मग्रामातली तू, तसं. तू लिही सिद्धिविनायक, प्रभादेवी." मग हसणं आवरून म्हणाली, रिकामं सोड, काही होत नाही, तिथे निम्मी पोरं तशीच येतात. निम्मी हा तिचा अंदाज हां, पण बे एरियातल्या कॅथलिक हायस्कुलांच्या पार्किंगमध्ये सकाळी उभं राहिलात तर तुम्हालाही साधारण तसंच वाटेल.

आता भारतातल्या वाचकांसाठी थोडं मागे जाऊन सांगायला हवं, कारण हे ऐकून माझ्या मावशीने पण विचारलं होतं, आठवीत कसली गं अॅडमिशन? इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, चार वर्षं. सरकारी हायस्कूल फुकट असतं आणि ते तुमच्या पत्त्यावर ठरतं, म्हणजे रस्त्याच्या या बाजूला एक शाळा आणि त्या बाजूला दुसरी असंही होतं. त्यामुळे इथे लोक घर घेताना किचन नंतर बघतात, आधी शाळा. माँटा व्हिस्टा, लिनब्रुक ही नावं आपल्या लोकांत अशी घेतली जातात जशी आपल्याकडे आयआयटीची, आणि त्या हद्दीतल्या जुन्या, गळक्या, तीन खोल्यांच्या घरांना जो भाव येतो तो ऐकून पुण्याचे बिल्डर पण लाजतील. आम्हीही तेच केलं होतं. बऱ्या शाळेच्या हद्दीत घर, गळ्यापर्यंत कर्ज. आणि त्यानंतर एके दिवशी आमची लेक म्हणते, मला कॅथलिक स्कूलला अप्लाय करायचंय.

कारण काय, तर मैत्रिणीबरोबर एका शाळेच्या ओपन हाऊसला गेली होती. फुकट कुकी मिळतात म्हणून गेली होती, हे तिनेच नंतर कबूल केलं. येताना गाडीत गप्प होती. घरी येऊन म्हणाली, तिथे एका मुलीने मला विचारलं की तुला काय आवडतं, आणि मी उत्तर देईपर्यंत ती थांबली. बस, एवढंच. मला आधी कळेचना यात काय मोठं, मग रात्री पडल्यापडल्या कळलं की गेली दोन वर्षं ही शाळेतून आली की तिला आम्ही काय विचारतो, तर किती मिळाले. नवऱ्याने मात्र सरळ हिशोब मांडला. "म्हणजे शाळेसाठी घर घेतलं, आणि आता घर ठेवून शाळा सोडायची, आणि वर वर्षाला वीस हजार डॉलर द्यायचे?" चुकीचं काहीच बोलला नाही तो. फी तेव्हा साधारण तेवढीच होती, वीस हजारांच्या आसपास, गुणिले चार. आमचं त्यावर आठवडाभर चाललं, ते सगळं इथे लिहीत नाही, घराघरात तेच चालतं.

शेवटी ठरलं की अप्लाय तर करू. आणि एकदा ठरलं की एका ठिकाणी कोण करतं? चार ठिकाणी.

चार कुठल्या, तर मुलगी म्हटल्यावर बेलार्मिन बाद, ती फक्त मुलांची, जेझुइट फादरांची, १८५१ पासूनची. (मराठी माणसाला जेझुइट काही नवे नाहीत म्हणा, १६१६ मध्ये गोव्यात बसून मराठीत ओव्या छापणारे फादर स्टीफन्स जेझुइटच होते, तेही मूळचे इंग्रज. हे मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, हे एसेमध्ये टाकू नकोस.) मुलींच्या दोन होत्या. सॅन होजे डाउनटाउनमधली नोत्र दाम, तीही १८५१ ची, म्हणजे कॅलिफोर्निया राज्य होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं तेव्हाची. आणि विलो ग्लेनमधली प्रेझेंटेशन, १९६२ ची. मुलंमुली एकत्र अशा दोन, माउंटन व्ह्यूची सेंट फ्रान्सिस आणि पश्चिम सॅन होजेतली आर्चबिशप मिटी, जी १९६४ मध्ये मुलांची म्हणून सुरू झाली आणि पुढे मुलींनाही घ्यायला लागली.

चार शाळा म्हणजे चार पोर्टल, चार पासवर्ड, सातवी-आठवीचे मार्क चार ठिकाणी, इंग्लिश आणि मॅथच्या टीचरची शिफारसपत्रं चार ठिकाणी (सरकारी शाळेतली ती बिचारी मॅथ टीचर, दीडशे पोरं तिच्याकडे, आणि त्यातली कित्येक अशीच फॉर्म घेऊन येणारी, मी तिला दिवाळीचे लाडू नेऊन दिले, लाच नव्हे, खरंच कीव आली म्हणून), शिवाय शॅडो डे, म्हणजे त्या शाळेतल्या एखाद्या मुलीच्या मागे दिवसभर तिच्या सगळ्या वर्गांत जाऊन बसायचं. आणि एसे. प्रत्येक शाळेला वेगळा, पण प्रश्न घुमूनफिरून एकच, आमचीच शाळा का?

इथे गाडी अडली. लेक म्हणाली, "मी चारही शाळांना लिहायचं की तुम्हीच मला सगळ्यात जास्त आवडता? दॅट्स लायिंग, आई."

मला यात खोटं काय ते खरंच दिसेना. आणि का दिसेना, याचं उत्तर माहीमला आहे.

माझी आई माहीमला राहते, लग्न होऊन आली तेव्हापासून तिथेच. तिचा आठवडा असा आहे. मंगळवारी सिद्धिविनायक, पूर्वी चालत जायची, आता बसने. बुधवारी माहीमचं चर्च, म्हणजे सेंट मायकल, तिथे १९४८ पासून बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, चालतो, दिवसभर, वेगवेगळ्या भाषांत, आणि नऊ बुधवार केले की इच्छा पूर्ण होते असं अख्ख्या मुंबईला माहीत आहे, त्यात कॅथलिक किती आणि आमच्या आईसारख्या नऊवारीतून पाचवारीत आलेल्या बायका किती हे मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. बुधवारी माहीमला ट्रॅफिक असलं की टॅक्सीवाला नुसतं "बुधवार आहे" म्हणतो, पुढे काही सांगावं लागत नाही. गुरुवारी दत्ताचं. आणि मखदूम बाबांच्या दर्ग्यावरून गेली की हात जोडूनच पुढे. मी लहानपणी तिला विचारलं होतं, आई, एवढ्या सगळ्यांना सांगितलं तर त्यांना राग नाही येत? तर म्हणाली, त्यांचं त्यांना कळतं, तू चप्पल सांभाळ.

अशा घरातून आलेल्या बाईला चार शाळांना चार अर्ज करताना काय वाटणार?

पण लेक तशी नाही. ती इथली. इथे पोरांना पहिलीपासून खरं बोलायला शिकवतात आणि मग सतराव्या वर्षी कॉलेजच्या फॉर्मवर स्वतःची जाहिरात करायला लावतात, तो वेगळा विषय. मी तिला म्हटलं, तू खोटं लिहू नकोस, तू फक्त शोध की त्या शाळेत तुला खरंच काय आवडलं, तेवढंच लिही. सापडलं नाही तर ती शाळा काढून टाकू. मग ती हट्टालाच पेटली. शाळांच्या वेबसाइटवर त्या त्या संस्थेच्या संस्थापकांची माहिती असते, आपण कोणी वाचत नाही ती, हिने वाचली.

आणि रात्री जेवताना गोष्टी सुरू झाल्या. नोत्र दामच्या सिस्टर्सची मूळ बाई जूली बिलियार्ट, फ्रान्समधली, बावीस वर्षं पायांत बळ नव्हतं, अंथरुणावरच, आणि तशातच १८०४ मध्ये तिने गरीब मुलींना शिकवणारी संस्था काढली. प्रेझेंटेशनची नॅनो नेगल आयर्लंडची, कॉर्कची, त्या काळात तिथे इंग्रजांच्या कायद्याने कॅथलिक पोरांना कॅथलिक शाळेत शिकवणं गुन्हा होता, तर ही बाई लपूनछपून शाळा चालवायची आणि रात्री कंदील घेऊन गरिबांच्या वस्तीत फिरायची. "शी वॉज लाइक सावित्रीबाई," लेक म्हणाली, आणि मी पोळी लाटता लाटता थांबले, कारण सावित्रीबाई हिला मी कधी सांगितल्या ते मलाच आठवेना, बहुतेक मराठी शाळेत ऐकलं असेल, रविवारच्या. शेण झेललं ते तिला आठवत होतं. सेंट फ्रान्सिसच्या मागची होली क्रॉसची मंडळी फ्रान्समधल्या ल माँची, फादर बाझील मोरो, त्यांचं म्हणणं असं की नुसतं डोकं घडवून भागत नाही, हृदयपण घडलं पाहिजे. यावर नवरा म्हणाला, मार्कांचं काय म्हणणं होतं त्यांचं? आणि मिटीच्या बाबतीत बिचारीला गोष्ट सापडेना, आर्चबिशप जॉन मिटी हे सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप होते, १९६१ ला गेले, एवढंच, मग तिने तिथे शॅडो डेला ज्या मुलीच्या मागे बसली होती तिच्याबद्दल लिहिलं. मला तोच एसे सगळ्यात चांगला वाटला. संत नसले की माणसांकडे बघावं लागतं.

मग एका फॉर्ममध्ये आला श्रद्धेचा प्रश्न. तुमच्या आयुष्यात धर्माचं स्थान काय, आमच्या शाळेच्या धार्मिक जीवनात तुम्ही काय भर घालाल, असं काहीतरी. लेकीने मला विचारलं, "आपण रिलिजस आहोत का?" आमचा देव्हारा मायक्रोवेव्हच्या वरच्या कपाटात आहे, दार उघडलं की गणपती आणि बंद केलं की कपाट. मी म्हटलं, मधूनमधून.

तिने काय लिहिलं ते मला दोन दिवसांनी दाखवलं. आजीचा आठवडा लिहिला होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, क्रमाने. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीबरोबर माहीमच्या चर्चला गेली होती ते, तिथे बाकावर शेजारी बुरख्यातली एक बाई बसली होती ते, आजीने हार विकत घेताना कशी घासाघीस केली ते. वाचून माझ्या घशाशी आलं, आणि पुढच्याच क्षणी पोटात गोळा. कारण हे कॅथलिक शाळेला पाठवायचं? पुन्हा वसईवालीला फोन. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं बाई, आमची पहिली आज्ञाच ती आहे, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. आणि तुझी पोरगी त्यांना चार देवांचं टाइमटेबल पाठवतेय." मग थोडं थांबून, "पण पाठव. फादर लोक माणसं असतात. आमच्या दिब्रिटो फादरांनी वाचलं असतं तर त्यांच्या सुवार्ता मासिकात छापलं असतं." पुढे वर्षभराने तेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा हिने मला फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, बघ, म्हटलं होतं ना. काय म्हटलं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण असो.

पाठवला तो एसे. दोन शाळांना. त्याने फायदा झाला की तोटा हे कधीच कळणार नाही, इथे कारण सांगत नाहीत.

आणि एका फॉर्ममध्ये तर सरळच प्रश्न होता, तुम्ही आणखी कुठल्या शाळांना अर्ज करताय? हे म्हणजे मुलगी बघायला आलेल्यांनी विचारावं की अजून किती स्थळं आलीत. नवऱ्याचं मत, रिकामं सोडा. माझं मत, एखादं नाव टाका, म्हणजे मागणी आहे असं दिसतं. लेकीने आमच्या दोघांकडे बघितलं, आणि बाकी तिघींची नावं लिहून टाकली, एबीसीडीच्या क्रमाने. का, तर कोणाला वाटायला नको की आपला नंबर कितवा.

मला इथे एक जुनं सांगायचंय. १९८२ सालातलं. मी साडेतीन वर्षांची, आणि आईच्या मनात मला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं. शाळेचं नाव लिहीत नाही, अजून आहे ती. आईने तीन ठिकाणचे फॉर्म आणले होते, पहाटे चारला रांगेत उभी राहून, खांद्यावर शाल आणि पिशवीत थर्मास. बाबा बँकेत क्लार्क, घरात इंग्रजी पेपर येत नव्हता, तरी आईने मला तक्त्यावरून घोटवलं होतं, अॅपल, बॉल, कॅट, अम्ब्रेला. इंटरव्ह्यूला मोठी खोली, टेबलामागे पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर, भिंतीवर तक्ता. सिस्टरनी छडी ठेवली छत्रीवर आणि विचारलं, व्हॉट इज धिस? तक्ता नेमका तिथेच चिरला होता. मी म्हटलं, "छत्री फाटलीय."

आई सांगते की सिस्टर हसल्या. छान हसल्या म्हणते. त्यामुळे तिला वाटलं झालं काम. यादीत नाव नव्हतं, तिथेही नाही आणि बाकी दोन ठिकाणीही नाही. मग मी दादरच्या मराठी शाळेत गेले, आणि ती उत्तम शाळा होती, मला पाढे आणि कविता दोन्ही आयुष्यभर पुरले, मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. आईला वाटतं. आईने त्या अॅडमिशनसाठी नऊ बुधवार केले होते हे मला बाविसाव्या वर्षी मावशीकडून कळलं. इच्छा काही पूर्ण झाली नाही, म्हणजे फेडायचाही प्रश्न नव्हता, पण बाई दहाव्या बुधवारी पण गेली आणि मग जातच राहिली.

तर जानेवारीत एचएसपीटी. ही यांची सामायिक प्रवेश परीक्षा, एकदाच द्यायची, एकाच शाळेत जाऊन, आणि मार्क मग बाकीच्यांनाही जातात. २९८ प्रश्न. परत वाचा, दोनशे अठ्ठ्याण्णव, अडीच तासांच्या आत, कॅल्क्युलेटर नाही. पहिल्या भागात तर ६० प्रश्न आणि १६ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सोळा सेकंद, तेवढ्यात मला चष्मा पण सापडत नाही. चुकलं तर मार्क कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या मिनिटाला उरलेले सगळे गोल काळे करून टाकायचे हा सल्ला सगळेच देतात. त्यात एक प्रकार होता तो लेकीला फार आवडायचा. दोन वाक्यं खरी असं धरायचं, मग तिसरं वाक्य देतात आणि विचारतात, हे खरं, खोटं, की सांगता येत नाही? अमुक तमुकपेक्षा उंच, तमुक ढमुकपेक्षा उंच, तर अमुक ढमुकपेक्षा उंच, असलं काहीतरी. तिला ते "अनसर्टन" असं उत्तर असू शकतं याचंच कौतुक. महिनाभर घरात तेच. जेवायला येतेस का? अनसर्टन. खोली आवरलीस का? अनसर्टन.

त्या शनिवारी सकाळी धुकं होतं. शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीतून एक आठवीतलं पोर उतरतंय, हातात दोन टोक केलेल्या पेन्सिली आणि खोडरबर, बाकी काही नाही. इतकी रिकाम्या हाताची पोरं मी इथे कधी बघितली नव्हती, नेहमी पाठीला धोंडा बांधल्यासारखं दप्तर असतं. वसईवालीचा मुलगा पण होता. त्याचेही चार अर्ज. तो लहानपणापासून पॅरिशच्या शाळेत, पहिलं कम्युनियन झालेलं, रविवारी वेदीवर फादरांच्या बाजूला उभा राहणारा. त्याच्या फॉर्ममध्ये कुठलाच रकाना रिकामा नव्हता. कॅथलिक शाळांत कॅथलिक मुलांना, त्यातही पॅरिशच्या शाळेतून आलेल्यांना आणि ज्यांची भावंडं आधीच तिथे आहेत त्यांना झुकतं माप असतं, आणि असायलाच हवं, शेवटी त्यांच्या लोकांनी वर्गण्या काढून काढलेल्या शाळा आहेत या. त्यामुळे त्याचं होईल यात कोणालाच शंका नव्हती. आम्ही दोघी आया गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो. चहा ओतताना मला एकदम आईचा थर्मास आठवला, १९८२ चा, तो मी बघितलेला नाही, मावशीने सांगितलेला, पण आठवला.

मार्चच्या मध्यात निकाल. सगळ्यांचे एकाच दिवशी लागतात. दुपारी कुठलंसं मीटिंग चालू होतं माझं, आणि फोनवर लेकीचे मेसेज, एकेक शब्दाचे. येस. नंतर, नो. नंतर पाच मिनिटं काही नाही, आणि माझा बॉस पुढच्या तिमाहीबद्दल बोलतोय. मग परत, येस. आणि शेवटी, अनसर्टन. म्हणजे वेटलिस्ट. कुठल्या शाळेने काय कळवलं ते सांगत नाही, त्यांची त्यांची गणितं असतात आणि आमची तक्रार काही नाही. "नो" वाली ती शाळा मात्र तिने सगळ्यात मनापासून लिहिलेली होती, हे मला माहीत होतं. घरी गेले तर ती पियानोवर बसून एकच ओळ परत परत वाजवत होती. मी कणीक मळायला घेतली. काही बोलले नाही, थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्यांना मी खरंच खरं लिहिलं होतं." म्हटलं, हो. "आणि बाकीच्यांना पण." म्हटलं, तेही हो.

रात्री वसईवालीचा फोन आला नाही. मीही केला नाही, कारण दुसऱ्या एका आईकडून कळलं होतं. दोन ठिकाणी नाही, दोन ठिकाणी वेटलिस्ट. सगळे रकाने भरलेला मुलगा, आणि आमचं रिकाम्या रकान्याचं पोर दोन दोन पत्रं घेऊन बसलंय. काय बोलणार? सॉरी म्हणावं तर चिडेल, नाही म्हणावं तर दगडच आपण. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दार वाजलं, तीच, हातात सुकेळीचं पुडकं, केळीच्या सोपटात बांधलेलं, कोणीतरी वसईहून आणलेलं. आत येऊन बसली, अभिनंदन म्हणाली, लेकीला जवळ घेतलं. मग चहा होईपर्यंत गप्प. आणि मग म्हणाली, "तुझ्या आईला सांगशील का, माझ्या पोरासाठी एक बुधवार कर म्हणावं. माझं काही ऐकेना झालेत तिथे. ती बाहेरची आहे, तिचं ऐकतील." विनोद करत होती की नाही ते मला तिच्या तोंडावरून कळलं नाही.

मी आईला फोन केला. आई म्हणाली, नाव काय मुलाचं? आणि जन्मनक्षत्र? म्हटलं, आई, नक्षत्र नसतं त्यांच्यात. बरं, म्हणाली, नुसतं नाव सांग.

बाकी मग ते नेहमीचं, आठवड्याभरात उत्तर द्या, जागा धरायला डिपॉझिट भरा, फीचे हप्ते, नवऱ्याची एक्सेल शीट. लेकीने दोनपैकी एक निवडली, फारसा विचार न करता, जिथे कोणीतरी तिचं उत्तर येईपर्यंत थांबलं होतं ती. चार वर्षं काढली तिथे, वर्गात बायबल शिकली, वृद्धाश्रमात सेवेचे तास भरले, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, वेळी बाकीच्यांबरोबर उभी राहायची, बसायची, मला एकदा म्हणाली, इट्स लाइक आरती, कधी उभं राहायचं ते आपोआप कळतं. तो वसईचा मुलगा मे महिन्यात वेटलिस्टवरून आत आला. त्याच्या आईने मला एका शब्दाचा मेसेज पाठवला होता, बुधवार.

त्याच वर्षी, २०१९ च्या जुलैमध्ये, आम्ही मुंबईला गेलो. धो धो पाऊस, आणि आईने सकाळीच सांगितलं, आज बुधवार आहे, तयार व्हा. म्हटलं कशाला, तर म्हणाली, फेडायचंय. तू कधी बोललीस? "नोव्हेंबरात. तू फोनवर सांगितलंस ना चार अर्ज केले म्हणून, तेव्हाच. मंगळवारी तिकडे बोलले आणि बुधवारी इकडे. तिकडचं फेडून झालं, एकवीस मोदक, इकडचं तुम्ही आल्याशिवाय कसं?"

चर्चच्या बाहेर मेणाच्या वस्तूंचे स्टॉल असतात, पाहिले असतीलच तुम्ही. ज्याला जे हवं त्याची मेणाची प्रतिकृती घ्यायची आणि आत वाहायची. पाय दुखत असेल तर पाय, मूल हवं तर बाळ, परदेशी जायचं तर विमान. प्लॅस्टिकच्या छताखाली सगळं ओळीने मांडलेलं, हात, पाय, डोळे, हृदय, घरं, आणि वरून पाणी गळतंय. आई स्टॉलवाल्याला म्हणाली, "शाळा आहे का?"

तो म्हणाला, "शाळा नाही आई, घर घ्या. शाळा म्हणून चालतं. सगळे घेतात."

आईने एक घर उचललं, फिरवून बघितलं, पांढरं मेण, उतरतं छप्पर, मधे दार. "पाच द्या."

मी म्हटलं, आई, पाच कशाला, एकाच शाळेत जातेय ती. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "अर्ज चार केले होतेस ना? मी बोलताना चारही सांगितल्या होत्या. आणि एक त्या वसईवालीच्या मुलाचं." स्टॉलवाला घरं कागदात गुंडाळायला लागला तशी लगेच, "पाच घेतेय, काहीतरी कमी करा."

"देवाच्या दारात घासाघीस करता आई?"

"मंगळवारी पण करते," आई म्हणाली, आणि लेकीला म्हणाली, छत्री इकडे धर, मेण भिजेल.